अठरा खाटांचं हॉस्पिटल, तीन फायली आणि एक सुई

वाचकाचं पत्र

आमचं सांगलीत गावभागात अठरा खाटांचं हॉस्पिटल आहे, प्रसूती आणि जनरल. यजमान डॉक्टर आहेत, बाकीचं सगळं मी बघते. मार्चअखेर नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन संपतंय. फायरचा फॉर्म बी एजन्सीवाला दर सहा महिन्यांनी आणून देतो, पण तो वॉर्डात वर आलेला मी कधी पाहिला नाही. महिन्यापूर्वी आमच्या एका सिस्टरला वापरलेली सुई टोचली. तिनं स्पिरिट लावलं आणि ड्युटी पूर्ण केली. त्याची कुठं नोंद करायची असते का? २०१९ च्या पुरात तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा कचऱ्याच्या पिशव्या वाहून गेल्या, तेही मनात राहिलंय. शिवाय डॉक्टरांच्या ग्रुपवर रोज 'नवीन नियम' येतात, दंडाचे आकडे येतात. त्यातलं खरं कुठलं? एक कन्सल्टंट सगळं करून देतो म्हणतोय. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, सुरुवात सिस्टरपासून करा. रजिस्ट्रेशनला मार्चपर्यंत वेळ आहे. सिस्टरचा एक महिना आधीच वाया गेलाय.

वापरलेली सुई टोचली की तीन आजारांची भीती असते: एचआयव्ही, कावीळ बी आणि कावीळ सी. रुग्ण बाधित असेल तर एका टोचण्यातून एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. कावीळ बी ची लस न घेतलेल्या माणसाला मात्र हा धोका ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडे भीती सगळी एचआयव्हीची आणि दुर्लक्ष कावीळ बी कडे, हे उलटं झालंय. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. तुमच्या सिस्टरची ती मुदत गेली. पण म्हणून हात झाडून बसू नका.

या आठवड्यात तिच्या एचआयव्ही, एचबीएसएजी (कावीळ बी ची) आणि अँटी-एचसीव्ही (कावीळ सी ची) या तपासण्या करून घ्या. एचआयव्हीची तपासणी टोचल्याच्या दिवसापासून मोजून सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने झाल्यावर पुन्हा करायची. तोपर्यंत तिनं रक्तदान करू नये, आणि नवरा-बायकोनं निरोध वापरावा. हे तिला डॉक्टरांनी बंद खोलीत नीट समजावून सांगावं. स्टाफरूममध्ये चर्चा नको. कावीळ बी चे तीन डोस झाले नसतील तर पहिला डोस आत्ताच द्या, दुसरा एक महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. तिन्ही झाले असतील तर अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लशीनं अंगात किती संरक्षण तयार झालंय ते सांगणारी रक्ततपासणी, बघा. १० किंवा त्याहून जास्त आला की कावीळ बी ची काळजी मिटली. कावीळ सी ला लस नाही, पण लवकर सापडली तर ती गोळ्यांनी बरी होते, म्हणून तपासणी चुकवायची नाही. ज्या रुग्णाची सुई होती तो माहीत असेल तर त्याला बोलावून, समजावून, त्याच्या संमतीनं रक्त तपासा. न सांगता एचआयव्ही तपासणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात बसत नाही. याच कायद्यानं आरोग्यसंस्थेच्या मालकावर कर्मचाऱ्यांना साधनं, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यानंतरचे उपचार देण्याची जबाबदारी टाकलीय. म्हणजे हा खर्च हॉस्पिटलचा, सिस्टरच्या पगारातला नव्हे.

पुढच्या वेळी काय करायचं ते मोठ्या अक्षरात लिहून ड्रेसिंग ट्रॉलीच्या वर चिकटवा. वाहत्या पाण्यात साबणानं धुवायचं. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. स्पिरिट, डेटॉल, हायपो (निर्जंतुकीकरणाचं सोडियम हायपोक्लोराइट) काहीही चोळायचं नाही. त्यानं कातडीची आग होते आणि संसर्ग टळत नाही. लगेच डॉक्टरांना सांगायचं आणि त्याच तासात निघून सांगली सिव्हिलचं एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधं देणारं) गाठायचं. रात्री ते बंद असेल तर तिथल्याच कॅज्युअल्टीत जायचं. तिथला फोन नंबर आजच विचारून त्या कागदावर लिहून ठेवा.

सुई का टोचते, हेही बघा. बहुतेक वेळा कारण एकच असतं: इंजेक्शन दिल्यावर दोन्ही हातांनी टोपण परत लावणं. दुसरं कारण सुया टाकायचा पांढरा डबा गच्च भरलेला. तो तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. वरून सुया डोकावत असतील तर पुढची सुई टाकणाऱ्याच्या हातालाच लागणार. तिसरं कारण म्हणजे नीडल कटर नर्सिंग स्टेशनवर आणि इंजेक्शन वॉर्डाच्या टोकाला. उघडी सुई हातात धरून पंधरा पावलं चालावं लागतं. कटर ट्रॉलीवर ठेवा, एवढ्यानं निम्मा प्रश्न सुटतो. मावशींना टोचते ती बहुधा कचऱ्याच्या पिशवीतून, कारण कुणीतरी सुई प्लास्टिक कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकलेली असते.

नोंदीचं तुम्ही विचारलंत. सुई टोचण्याची नोंद अपघात रजिस्टरमध्ये करायची: तारीख, वेळ, काम काय चाललं होतं, काय केलं, पुढच्या तपासण्यांच्या तारखा. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ मध्ये ही 'मोठी दुर्घटना' धरलेली नाही, त्यामुळे २४ तासांत कळवण्याचं बंधन नाही. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाला दरवर्षी ३० जूनपर्यंत फॉर्म चारमध्ये जो वार्षिक अहवाल जातो, त्यात ती यायला हवी. बहुतेक छोटी हॉस्पिटलं तिथं 'निरंक' लिहितात. अठरा खाटांच्या ठिकाणी वर्षभरात एकदाही सुई टोचली नाही, असं क्वचितच घडतं. तो शून्य वाचून तपासणीला आलेल्या माणसाला एवढंच कळतं की इथं कुणी नोंद करत नाही. सगळ्या कर्मचाऱ्यांना कावीळ बी आणि धनुर्वाताच्या लशी आणि दरवर्षी आरोग्य तपासणी, हेही याच नियमांत आहे. मावशी आणि वॉर्डबॉयही त्यात आले, त्यांना वगळू नका.

आता कचरा. रंग सगळ्यांना पाठ असतात, चूक हातात होते. रक्तानं माखलेला कापूस, ड्रेसिंग, प्रसूतीनंतर पडलेली वार, मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. सलाईनच्या नळ्या, प्लास्टिकची बाटली, कॅथेटर, लघवीची पिशवी, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या, अँप्युल निळ्यात. सिरिंजचं कागदी वेष्टन आणि खोकी यांपैकी कशातच नाहीत. ती साध्या कचऱ्यात जातात. पिवळ्या पिशवीत कागद भरला की तुमच्या कचऱ्याचं वजन वाढतं, आणि गरज नसताना तो जाळला जातो. पिशव्या क्लोरीनविरहित प्लास्टिकच्याच घ्या. २७ मार्च २०१९ पर्यंत क्लोरीनवाल्या बंद करायच्या होत्या. विक्रेत्याकडून बिलावर तसं लिहून घ्या. प्रत्येक पिशवीवर बारकोड. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. कचरा नेणारी गाडी आली नाही म्हणून थांबावं लागलं तर वास आणि गळती होणार नाही याची व्यवस्था करून प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह कळवायचं.

एक गोष्ट नेमकी बघा. तुमच्या रजिस्टरमधलं रंगवार वजन आणि गाडीवाल्याच्या पावतीवरचं वजन जुळतं का? बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलचं रजिस्टर महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेलं असतं: रोज दोन किलो, रोज दोन किलो, एकाच पेनानं. प्रसूती असलेल्या दिवशीही दोन किलो. वार एकट्याचं वजन अर्धा किलोच्या आसपास असतं. हे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. एक साधा काटा आणा आणि रात्रपाळीच्या मावशींना वजन करायला शिकवा, सिस्टरनं सही करावी. रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचं असतं.

हायपोचं पाणीही बहुधा चुकतं. २०१८ च्या दुरुस्तीनुसार निर्जंतुकीकरणाला एक ते दोन टक्के हायपो लागतो. पाच टक्क्यांचा कॅन असेल तर एक लिटर हायपोत चार लिटर पाणी घाला, म्हणजे एक टक्का होतं. दहा टक्क्यांचा असेल तर एकात नऊ. कॅनवरची टक्केवारी वाचल्याशिवाय माप ठरवू नका, आणि मोजायला खुणेचा मग ठेवा. उन्हात ठेवलेला किंवा आठवडाभर बादलीत उघडा पडलेला हायपो म्हणजे नुसतं वासाचं पाणी. रोज ताजं करायचं. जमिनीवर रक्त सांडलं तर हातमोजे घालून त्यावर कापड पसरा, वर एक टक्का हायपो ओता, वीस मिनिटं थांबा आणि मग पुसा. आधी पुसून नंतर हायपो टाकला तर रक्त खोलीभर पसरतं.

फॉर्म बी कडे जरा थांबून बघू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचं असतं. ते द्यायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे तुमची. एजन्सीवाला वर आला नाही आणि तरी तुम्ही ते प्रमाणपत्र जमा केलंत, तर उद्या काही घडल्यावर तो कागद तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही. न तपासलेल्या यंत्रणेला तुम्ही 'चालू' म्हटलंत, याचा तो पुरावा होईल.

एजन्सीनं खरंच तपासलं का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तुमच्याकडे कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर असेल, काळ्या मोठ्या तोंडाच्या नळकांड्याचं. त्याला दाबाचा काटा नसतो. ते वजन करूनच तपासावं लागतं. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला की भरून घ्यायचं. एजन्सीच्या अहवालात त्या सिलिंडरसमोर 'गेज ओके' लिहिलेलं असेल तर त्यानं ते पाहिलेलंच नाही. जुने अहवाल काढून आजच बघा. पावडरच्या एबीसी सिलिंडरला काटा असतो. तो हिरव्यात हवा, पिन आणि सील जागेवर हवं. पावडर वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहून तळाला दगडासारखी बसते, म्हणून महिन्यातून एकदा सिलिंडर उलटसुलट करून आतली पावडर हलते का ते बघा. पुढच्या वेळी एजन्सीचा माणूस आला की त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः प्रत्येक मजल्यावर फिरा, आणि प्रत्येक सिलिंडरच्या टॅगवर त्या दिवशीची सही घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पण आग सिलिंडरनं विझवण्याआधी ती लागतेच कुठं, हे बघायला हवं. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री दहा नवजात बालकं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागांत आगी लागल्या. अशा कक्षांत आग वाढण्याची कारणं तीच ती असतात. वातानुकूलन यंत्र चोवीस तास चालतं, त्याच वायरिंगवर नंतर व्हेंटिलेटर, वॉर्मर (बाळाला ऊब देणारं यंत्र), सक्शन (स्राव ओढून घेणारं यंत्र) यांची भर पडते. खिडक्या बंद. मास्कमधून सांडणारा ऑक्सिजन त्याच बंद हवेत फिरत राहतो. हवेत एरवी २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो थोडाही वाढला की चादर, गादी, प्लास्टिक सगळं कितीतरी जोमानं पेटतं. आणि माणसं ज्वाळेनं मरण्याआधी धुरानं मरतात.

तुमच्याकडे वॉर्मर असणारच. तो आणि एसी तासभर चालू ठेवा, मग प्लग काढून हाताच्या पाठीमागच्या बाजूनं त्याला स्पर्श करून बघा. प्लग गरम लागला, पिनांवर तपकिरी डाग दिसला किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर तिथलं जोड ढिलं आहे. सॉकेट बदला, नुसतं आवळून भागत नाही. एसीला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवणं, हे सर्रास होतं. मग एमसीबी पडत नाही, वायर जळते. वॉर्मर, सक्शन आणि व्हेंटिलेटर एक्स्टेंशन बोर्डवर चालवायचे नाहीत, एक दिवससुद्धा. वर्षातून एकदा परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून भार मोजून लेखी अहवाल घ्या.

मग रात्रीची तालीम. दिवसाची नको, दिवसा सगळे हजर असतात. रात्री अकराला, एक सिस्टर आणि एक मावशी असताना, आग लागली असं समजून वॉर्ड रिकामा करून बघा. रुग्णांच्या जागी कर्मचाऱ्यांना झोपवा. चालता येणारे आधी, बाळं सिस्टरच्या हातात, झोपून असलेल्यांना चादरीसकट जमिनीवर ओढत. घड्याळ लावा. पहिल्याच तालमीत कळेल की मागच्या जिन्याच्या चॅनेल गेटला कुलूप आहे आणि चावी वॉचमनच्या खिशात, आणि वॉचमन चहाला गेलाय. ते कुलूप काढून आतून उघडणारी कडी बसवा. चोरीची भीती असेल तर कॅमेरा लावा, पण त्या वाटेवर कुलूप नको. जिन्याखाली ठेवलेल्या जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या, रेकॉर्डची पोती, सगळं आधी हलवा. गाद्यांच्या धुरानं तो जिना सगळ्यात आधी बंद होईल.

आगीत ऑक्सिजनच्या लाइनची व्हॉल्व्ह बंद करायची, पण ती फक्त प्रभारी सिस्टरनं, आणि त्या रुग्णाला छोट्या सिलिंडरवर घेतल्यानंतर. कोण बंद करणार त्याचं नाव पाळीनुसार लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी घाबरून बंद करील.

ऑक्सिजनचा हिशोब पाठ असावा. भरलेल्या जंबो सिलिंडरमध्ये १५० बार दाबाला साधारण सात हजार लिटर असतात, छोट्या बी-टाइपमध्ये दीड हजार. काटा ५० वर आला म्हणजे एक तृतीयांश उरला, जंबोत तेवीसशे लिटर. मिनिटाला पाच लिटर लावलेल्या एका रुग्णाला बी-टाइप पाच तास पुरतं, जंबो तेवीस तास. असे चार रुग्ण असतील तर तासाला बाराशे लिटर, म्हणजे जंबो सहा तासही टिकत नाही. सिलिंडर साखळीनं बांधलेलं हवं, व्हॉल्व्ह हळू उघडायची. तेलाचा हात, ग्रीस, व्हॅसलीन त्याच्या जवळही न्यायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवायही पेटू शकतं. भरलेलं आणि रिकामं यांच्या जागा वेगळ्या, गळ्यात पाटी. चाचणी दर पाच वर्षांनी होते, त्याची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते. सिलिंडर उतरवून घेतानाच ती वाचायची सवय स्टोअरकीपरला लावा.

आता पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५ आणि २०२१ लाही पाणी पन्नाशीच्या वर होतं. गावभागातल्या हॉस्पिटलनं पूर अपवाद समजायचा नाही, तयारीची यादी दर मे महिन्यात व्हायला हवी.

२०१९ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं तिथं रंगाची रेघ ओढा. जनरेटर, त्याचं पॅनेल, मेन स्विच, ऑक्सिजनचा मॅनिफोल्ड (सिलिंडर लाइनला जोडायची जागा) आणि कचऱ्याची खोली, यातलं जे काही त्या रेघेखाली आहे ते वर न्यायचं. जनरेटर उंच ओट्यावर घेतला पण वीज जनरेटरवर घेणारा चेंजओव्हर स्विच खालीच राहिला, असं घडतं. मग जनरेटर चालू आणि वॉर्ड अंधारात. जनरेटरला तासाला किती डिझेल लागतं हे कंपनीच्या माहितीपत्रकावरून धरू नका. टाकी काठोकाठ भरा, सगळा भार टाकून एक तास चालवा, पुन्हा काठोकाठ भरायला किती लिटर लागले ते मोजा. त्यावर तीन दिवसांचा साठा ठरवा, आणि तो ऑक्सिजनपासून दूर ठेवा. वरच्या उदाहरणातल्या चार रुग्णांना तीन दिवस पुरवायचे तर तेरा जंबो लागतील. एवढी जागा नसेल, आणि बहुतेकांकडे नसते, तर ऑक्सिजनवरचे रुग्ण पाणी चढायच्या आधी हलवायचे असं ठरवून ठेवा. ते कुठल्या पातळीला हलवायचे याचा आकडा शांत डोक्यानं आधी लिहून ठेवावा. आमच्या मते तुमच्या ठिकाणी ३५ फुटांना हालचाल सुरू व्हावी. ४० ला सगळेच रुग्णवाहिका शोधत असतात. मिरजेतल्या एखाद्या हॉस्पिटलशी रुग्ण घेण्याबद्दल मे महिन्यातच पत्रव्यवहार करून ठेवा.

फ्रिजमधल्या ऑक्सिटोसिन, इन्सुलिन आणि लशींना २ ते ८ अंश लागतात. पुरात प्रसूती थांबत नाहीत, आणि गरम झालेलं ऑक्सिटोसिन रक्तस्राव थांबवायला दगा देतं. बर्फाच्या विटा गोठवून ठेवा, पेटी आणि थर्मामीटर वरच्या मजल्यावर. पुरात साप घरात शिरतात, तेव्हा सर्पविषावरच्या लशीचा साठा आणि तिची साठवण लेबलवर कशी सांगितलीय तेही बघा.

तुमच्या वाहून गेलेल्या पिशव्यांचं. जैववैद्यकीय कचरा पाण्याच्या प्रवाहात जाणं ही नियमांच्या व्याख्येत मोठी दुर्घटना आहे. ती तात्काळ कळवून २४ तासांत फॉर्म एकमध्ये लेखी अहवाल द्यायचा असतो. मंडळाचं सांगलीचं उपप्रादेशिक कार्यालय त्यासाठी आहे. झालं ते झालं. पण आता पाणी ३० फुटांवर गेलं की गाडी रोज बोलवा आणि खोली रिकामी ठेवा. उरलेल्या पिशव्या झाकणाच्या ड्रममध्ये भरून वर चढवा.

सोनोग्राफी यंत्र असेल तर त्याचा वेगळा विचार करा. गर्भलिंगनिदानविरोधी (पीसीपीएनडीटी) कायद्याखाली नोंदणी जागेची आणि यंत्राची असते, आणि बदल तीस दिवस आधी कळवायचा असतो. पुरात यंत्र पहिल्या मजल्यावर नेणार असाल तर मे महिन्यातच समुचित प्राधिकाऱ्यांना (या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना) पत्र देऊन ठेवा: पुराच्या दिवसांत यंत्र सुरक्षिततेसाठी अमुक खोलीत ठेवू, वापरणार नाही. प्रत्यक्ष हलवताना पुन्हा कळवा, फोटो काढा. म्हैसाळच्या २०१७ च्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर या जिल्ह्यात या कायद्याकडे कडक नजर आहे, आणि असायलाच हवी. गर्भवतीच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ त्याच दिवशी भरायचा, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत.

रजिस्ट्रेशनचं थोडक्यात. आपल्या राज्यात महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चालतो, केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा नाही. नियमांत जानेवारी २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. दर्शनी भागात दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावणं, तक्रारीची सोय असणं, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून न ठेवणं, हे त्यात आहे. अर्ज महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जातो. जानेवारीतच द्या, कारण तपासणी, त्रुटी, पूर्तता यांत दोन महिने सहज जातात. डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलची आणि सिस्टरांची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का, ते आधी बघा. इथंच बहुतेक छोटी हॉस्पिटलं अडकतात. 'आमच्याकडेच शिकून तयार झालेली' मुलगी कितीही हुशार असली तरी तिचं नाव सिस्टरांच्या यादीत घालू नका. तिला मदतनीस म्हणून दाखवा आणि इंजेक्शनपासून लांब ठेवा. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत आयपीडी पेपरच्या (दाखल असतानाच्या केसपेपरच्या) प्रती द्यायच्या आणि ते पेपर तीन वर्षं जपायचे, हे कौन्सिलच्या नियमांतलं आहे. पुराच्या दृष्टीनं तेही वरच्या मजल्यावर. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी. रात्रपाळीच्या मुलींना समितीतल्या बाईंचा नंबर माहीत हवा.

कन्सल्टंट अर्ज भरून देईल, चलन काढील, कार्यालयात खेपा घालील. त्यासाठी पैसे देण्यात गैर नाही. पण वजनाचं रजिस्टर, तालमीची नोंद, सुईची नोंद तो 'तयार करून' देतो म्हणाला तर नाही म्हणा. सही तुमच्या यजमानांची आहे.

राहिले ग्रुपवरचे 'नवीन नियम'. बघायचं एवढंच: हा कागद कशाचा आहे? कायदा किंवा नियम बदलला असेल तर तो राजपत्रात येतो, त्याला अधिसूचना क्रमांक आणि तारीख असते. शासन निर्णय असेल तर शेवटी लांबलचक अंकी संकेतांक असतो; त्याचे पहिले चार अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, मग तारखेचे. तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत निघते. निघाली नाही तर संदेश पुढं पाठवू नका. मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांत फरक असतो. मसुद्यावर हरकती मागवलेल्या असतात, तो लागू झालेला नसतो. दंडाचा आकडा असेल आणि कलम नसेल, तर तो बहुधा काहीतरी विकणाऱ्याचा संदेश असतो. तरी शंका राहिली तर संबंधित कार्यालयाला दोन ओळींचं पत्र लिहा, संदेशाची प्रत जोडा आणि 'हे आम्हांला लागू आहे का' एवढंच विचारा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती फाइलला लावा.